बाईंचं तिकीट कोणी काढायचं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजची पालकसभा मी जिंकली. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण वहीत कोण डोकावतंय!

विषय आठवीच्या मुक्कामी सहलीचा. तळ्याकाठचा कॅम्प, बुधवारी जायचं, रविवारी परत. दरवर्षी मीच नेते. एक तर मी भूगोलाची बाई, आणि दुसरं म्हणजे माझ्याइतका खणखणीत आवाज शाळेत कोणाचा नाही. मी खर्चाचा आकडा सांगितला तसे मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. मुलगी यंदाच दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे आली. अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून वर्गाने तिचं नाव ‘टाचणी’ ठेवलंय आणि तिलाही ते आवडतं.

“या आकड्यात शिक्षकांचा खर्च धरलाय का?” औषधवाल्यांनी विचारलं.

“धरलाय,” मी म्हणाले. “तो सगळ्या मुलांत थोडा थोडा वाटलेला असतो. पूर्वीपासून असंच आहे.”

“म्हणजे तुमचं राहणं, खाणं, बोटीत बसणं, सगळं आमच्या पैशांनी. मग आम्ही पालकांनी स्वतःचे पैसे भरून यायचं म्हटलं तर चालेल का?”

लोक हसले. त्यांचं शेवटचं वाक्य मी धड ऐकलंही नाही, माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. आम्ही काय मजा मारायला जातो? चाळीस कार्टी सांभाळायची, बसमध्ये त्यांच्या ओकाऱ्या निस्तरायच्या, आणि वर हे ऐकायचं! मी टेबलावर हात आपटला. “यंदापासून शिक्षक आपला खर्च आपण करतील. एक पैसाही कोणाच्या खिशातून जाणार नाही.” टाळ्या पडल्या. आमच्या मोठ्या सरांचा चेहरा तर असा उजळला की जणू त्यांनीच हे सुचवलं होतं. माझ्याबरोबर येणारे दोघे तिथेच होते. चित्रकलेचे सर पंख्याकडे बघत होते आणि नवीन बाई मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. भारावले असणार दोघेही.

घरी येऊन आमच्या ह्यांना सगळं साभिनय सांगितलं.

“तुझे तू भरतेस ते ठीक,” हे म्हणाले. “बाकीच्या दोघांना विचारलं होतंस?”

“त्यात विचारायचं काय? अभिमानाचा प्रश्न आहे.”

“अभिमान तुझा, पाकीट त्यांचं,” असं म्हणून ह्यांनी पेपरात डोकं घातलं. ह्यांना चांगल्या गोष्टीला नाट लावल्याशिवाय चैन पडत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नवीन बाई येत नाहीत म्हणे. घरी पाहुणे येणार आहेत. मागच्या महिन्यात शिक्षकांनी बाहेर जेवायला जायचं ठरवलं तेव्हाही त्यांच्याकडे पाहुणेच होते. शाळेत तासावर शिकवतात आणि घरी बहुधा लॉज चालवतात. “काही हरकत नाही, पाहुणचार करा,” मी जरा कडकच बोलले. त्या वह्यांचा गठ्ठा उचलून तासाला गेल्या. या पिढीला मुलांची ओढच नाही. आम्ही या वयात तापातसुद्धा सहलीला गेलो असतो.

आता एक मोठं माणूस कमी पडणार. बघू. माझं कधी अडत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बघा, अडलं नाही. मधल्या सुट्टीत औषधवाले शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे. हातात स्वतःच्या खर्चाचे पैसे. “तुम्ही म्हणालात ना, मोठी माणसं आपला खर्च आपण करतील. मीही येतो.” मोठ्या सरांना तर घबाडच सापडलं, फुकटचा मदतनीस. मीही हो म्हणाले. सभेत आगाऊपणा करणाऱ्या माणसाला मुलं सांभाळणं म्हणजे काय असतं ते कळू दे एकदा.

पण काय तो माणूस! पलंग वरखाली आहेत का? टाचणीला खालचा मिळेल का? मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का? दिवे किती वाजता बंद होतात? जवळचा दवाखाना किती लांब? दुकानदारच तो, दहा प्रश्न विचारल्याशिवाय साधी टाचणीही विकत घेणार नाही. मी सगळ्या पालकांना विचारते तसं त्यांनाही विचारलं, “मुलीची काही तक्रार आहे का? दमा, चक्कर, ॲलर्जी?” ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, “नाही. काही नाही.”

मी माझा नियम सांगितला. आपलं मूल ज्या गटात, त्या गटात आपण नाही. पूर्वी एका शिक्षकांनी स्वतःच्या मुलाला पाठुंगळीला घेऊन अख्खा डोंगर चढवला आणि बाकीची पोरं मागे राहिली, तेव्हापासूनचा हा नियम. पालक असो की शिक्षक, कोणालाही सूट नाही.

“नियम म्हणजे अगदी नियम?” त्यांनी विचारलं.

“माझा नियम,” मी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. लाडावलेल्या मुलींचे बाप असेच असतात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पोचलो. बस वेळेवर, ओकाऱ्या नेहमीपेक्षा कमी. कॅम्प छान आहे: एका बाजूला मुलांची लांबट खोली, दुसऱ्या बाजूला मुलींची, मध्ये जेवणघर, समोर उतारावर गवत आणि खाली तळं. मागे डोंगर. रात्री सूप, पाव आणि उकडलेले बटाटे. घरी बटाट्याला नाकं मुरडणारी पोरं ताट चाटून पुसून मोकळी झाली.

पलंगांवरून पहिला तमाशा झाला. टाचणीने धावत जाऊन वरचा पलंग धरला. औषधवाले मुलींच्या दाराशी येऊन, “खाली ये, खालचा घे,” करायला लागले. “बाबा, सगळे बघतायत!” ती दात-ओठ खात म्हणाली. मला हे असलं चालत नाही, पण वाद मिटवायला मीच तिला खालचा दिला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसरा तमाशा झोपायच्या वेळी. मुलींच्या खोलीबाहेरच्या बोळात बाकावर कोण बसलंय म्हणून बॅटरी मारली तर औषधवाले! मांडीवर एक पिशवी, दिवसभर जवळ बाळगलेली. “इथे पुरुषांनी बसायचं नाही,” मी म्हणाले. त्यांनी विचारलं, आत छोटा दिवा चालू ठेवाल का? मी म्हणाले, माझे दोन डोळे पुरे आहेत. गेले एकदाचे. मुली बराच वेळ खुसपुसत होत्या, मी झोपल्याचं सोंग केलं. सहलीला यायचं ते त्यासाठीच तर. उद्या पहाटे सूर्योदय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हात अजून स्थिर नाही, अक्षर वाकडं येणार.

पहाटे अंधारातच सगळ्यांना उठवलं. टेकाडावरून सूर्य उगवताना दाखवायचा हा माझा दरवर्षीचा हट्ट. टाचणी उठता उठेना. डोळे तारवटलेले. “रात्रभर गप्पा ठोकल्या की असंच होणार,” मी म्हणाले आणि तिचं पांघरूण ओढलं. बाहेर औषधवाले म्हणाले, “तिला झोपू द्या ना थोडं.” मी म्हणाले, “तोवर सूर्य थांबणार आहे का?” आसपासची मुलं हसली. मलाही माझं उत्तर आवडलं होतं.

मग दोन गट केले. निम्मी मुलं माझ्याबरोबर तळ्यावर, बोटींसाठी. निम्मी चित्रकलेच्या सरांबरोबर डोंगरावर, मदतीला औषधवाले. टाचणी माझ्या गटात. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. “मला तळ्यावर घ्या.” नाही. “मग तिला डोंगरावर पाठवा.” नाही, जोड्या लागल्यात. “तिला सर्दी आहे, पाण्यात नको.” त्यांच्या मागूनच टाचणी ओरडली, “मला नाहीये सर्दी!” झालं, विषय संपला. टाचणीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं, एवढं मला कळलं. तिच्या बापाच्या डोळ्यांत काय होतं ते बघायला मी थांबले नाही.

तिसऱ्या फेरीला टाचणीची बोट सुटली. ती, आणखी दोघी, आणि वल्ही मारणारा कॅम्पचा माणूस. सगळ्यांच्या अंगात फुगीर जॅकेटं. बोट काठापासून फार लांब नव्हती. तेवढ्यात डोंगराच्या वाटेने औषधवाले धावत खाली येताना दिसले. एकटे.

“तुमची मुलं कुठायत?” मी ओरडले.

“सरांकडे.”

“एका माणसाच्या जिवावर एवढी मुलं टाकून आलात? तुम्हाला जबाबदारी म्हणजे काय ते…” मी हात पसरून त्यांची वाट अडवली. ते माझ्याशी बोलतच नव्हते, माझ्या खांद्यावरून पाण्याकडे बघत होते. मागून मुलींचं हसणं ऐकू आलं. वळून बघितलं तर टाचणीने मान मागे टाकली होती आणि तिचा हात विचित्र झटके देत होता. वर्गात ती नकला करते, सगळ्यांना माहीत आहे. मी ओरडले, “टाचणी, नाटकं पुरे!”

हे वाक्य मी इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला मी ते सांगणार नाही.

औषधवाले मला ढकलून बुटांसकट पाण्यात शिरले. मग मीही शिरले, साडी-बिडी काही न बघता. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी बोटीची कड धरली, मी दुसरी कड धरली, नाहीतर घाबरलेल्या त्या दोघींनी बोट उलटीच केली असती. तशीच ओढत काठाला आणली. तिला गवतावर ठेवलं तर अंग ताठ, दात घट्ट मिटलेले. “चमचा आणा कोणीतरी!” मी किंचाळले. तसं करताना बघितलंय मी लोकांना.

“तोंडात काही घालायचं नाही,” औषधवाले मान वर न करता म्हणाले. आवाज अगदी शांत. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, ओला नसलेला कोणाचा तरी स्वेटर डोक्याखाली सरकवला, गळ्याजवळचं जॅकेट सैल केलं आणि घड्याळाकडे बघत नुसते बसले.

“मी काय करू?”

“मुलांना लांब न्या. त्यांना असं तिच्याकडे बघत उभं राहू देऊ नका.”

ते मला येतं. मी मुलांना पाठमोरं करून जेवणघराकडे पिटाळलं. परत आले तेव्हा झटके थांबले होते. थोड्या वेळाने टाचणीने डोळे उघडले. बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: “सगळ्यांनी बघितलं?”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जागरण आणि पहाटेचं उठणं, दोन्ही मिळून झालं. फिटचा आजार लहानपणापासूनच, गोळ्या चालू आहेत. आता ठीक आहे, पाण्यात जायचं नाही, वेळेवर झोपायचं. बाहेरच्या बाकावर मी औषधवाल्यांवर तुटून पडले. “माझ्या जेवणाचा हिशेब भरसभेत विचारलात, आणि ही एक गोष्ट सांगता आली नाही? मी विचारलं होतं तुम्हाला!”

“आधीच्या शाळेला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “मग तिला सहल नाही, खेळ नाही, स्नेहसंमेलन नाही. वर्गातसुद्धा दारापाशी एकटीला बसवायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर नेलं असतंत?”

“नेलं असतं!” मी ताडकन म्हणाले. मग गाडीत बसल्यावर मला आमच्या मोठ्या सरांचा चेहरा आठवला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

चित्रकलेचे सर सगळी मुलं एकट्याने डोंगरावरून सुखरूप घेऊन आले. ते कोणाशीच बोलत नाहीयेत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी मोठ्या सरांचा फोन. मुलीला बापाबरोबर आत्ताच्या आत्ता घरी पाठवा. मी म्हणाले, डॉक्टर राहू दे म्हणतात. तर म्हणाले, डॉक्टर राहू दे म्हणतात पण डॉक्टर तिथे राहत नाहीत. विचार करून कळवते, असं मी सांगितलं.

काल रात्री औषधवाले पुन्हा त्या बोळातल्या बाकावर बसले होते. मी काही बोलले नाही, उलट खुर्ची नेऊन दिली. सकाळी बघितलं तर तसेच ताठ बसलेले. घरीसुद्धा असंच असतं म्हणाले. अर्धी रात्र बायको मुलीच्या दाराशी बसते, अर्धी रात्र हे. फिट बहुतेक झोपेतच येते ना. मग सकाळी दुकान उघडायचं.

टाचणी जेवणघरात एकटीच एका टोकाला बसली होती. मी शेजारी बसले. “घरी जायचंय का?”

“नाही.”

“मग असं तोंड का?”

“बाबा इथे आहेत म्हणून.” एरवी पटापट बोलणारी पोरगी थांबून थांबून बोलत होती. “बाई, मला ती खुर्ची ऐकू येते. घरी पण येते. बाबा जरा हलले की करकरते. मग मी झोपल्याचं सोंग करते, म्हणजे त्यांना बरं वाटावं म्हणून. मग मला झोपच येत नाही. आणि झोप नाही आली की काय होतं ते तुम्ही बघितलंत ना.”

“मग रात्री तुझ्याजवळ कोणी बसायचं?” मी विचारलं.

“तुम्ही बसा हवं तर,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या कोणी नाही ना. मग मला काही वाटणार नाही.”

सहलीत मला मिळालेलं हे सगळ्यात चमत्कारिक प्रशस्तिपत्रक.

पण मुलींच्या खोलीत मी एकटीच बाई. दिवसभर चाळीस मुलं आणि रात्री जागरण, एकीला जमायचं नाही. मी जमवेनच म्हणाले असते, पण कालपासून ‘मी जमवेन’ म्हणताना जीभ जरा अडखळते. चित्रकलेच्या सरांपाशी कुरकुरले, “नवीन बाईंना आत्ताच पाहुणे बोलवायचे होते!”

सर कालपासून पहिल्यांदा बोलले. “बाई, पाहुणे नव्हते हो. पैसे नव्हते. तासावर शिकवतात त्या, त्यांना सुट्टीचा पगारही नाही. तुम्ही सभेत तुमच्याबरोबर आमचंही पाकीट उघडलंत. मी मेव्हण्याकडून उसने घेतले, तो आता जन्मभर ऐकवणार मला.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमच्यापुढे?” सर म्हणाले आणि मनापासून हसले. मला हसू आलं नाही. आमचे हे त्या दिवशी म्हणाले होते ते वाक्य आठवलं, आणि ह्यांचं बरोबर होतं ही गोष्टही मी फक्त इथेच लिहिणार आहे.

दुपारी दोन फोन केले. पहिला नवीन बाईंना.

“पाहुणे गेले का?”

बारीक आवाज, “गेले.”

“मग उद्या या. कॅम्पची भाजीची गाडी सकाळी आपल्या गावातून निघते, तिच्यात बसा. पैशांचं नाव काढायचं नाही. तुम्ही कामावर येताय. बसचा ड्रायव्हर स्वतःच्या बसचं तिकीट काढतो का?”

“पण बाई, तुम्ही सभेत…”

“सभेत मी चुकले. या.”

दुसरा मोठ्या सरांना. त्यांना सांगितलं, मुलगी राहणार. शिक्षकांचा खर्च शाळा देणार, सगळ्यांचा, चित्रकलेच्या सरांच्या मेव्हण्याचाही. पुढच्या सभेत मी स्वतः उभी राहून माझे शब्द परत घेईन. सर म्हणाले, “खर्चाचं बघू. पण मुलीला काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी.”

“झालं तर काय कराल?”

“झालं तर मी तिथे असेन,” मी म्हणाले. “आणि काय करायचं ते मला येत असेल.”

फोन ठेवला. बाकावर बसून पाणी प्याले आणि मग मुलांवर उगीचच ओरडले, तेव्हा बरं वाटलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नवीन बाई आल्या. गाडीतून भाज्यांच्या पोत्यांवर बसून आल्या, केसांत कोथिंबीर. मुली धावत सुटल्या त्यांच्याकडे. माझ्याकडे असं कोणी धावत येत नाही, पण ते असो.

मी औषधवाल्यांना म्हणाले, तुम्हाला येतं ते आम्हाला शिकवा. गवतावर सतरंजी टाकली. चित्रकलेचे सर रोगी झाले आणि त्यांनी असा काही अभिनय केला की मुलं गडाबडा लोळायला लागली. मला वाटलं, टाचणीला वाईट वाटेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “सर, एवढे हातपाय नाही झाडत मी!” काल रात्री तिने मुलींना स्वतःच सगळं सांगितलं म्हणे. वरच्या पलंगावरचीने विचारलं, दुखतं का? ही म्हणाली, नंतर जीभ दुखते, आणि लोक दयेने बघतात ते. वरचीने लगेच तिला अर्धं चॉकलेट दिलं आणि दयेने नाही असंही सांगितलं.

मी तीनदा सरांना कुशीवर वळवलं. औषधवाले प्रत्येक वेळी सुधारत होते. धरून ठेवायचं नाही. पाणी पाजायचं नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर तडक दवाखाना. नवीन बाईंना पहिल्याच वेळी जमलं. मला तिसऱ्या वेळी.

मग मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “भाजीची गाडी जेवणानंतर परत जाते. तुम्ही तिच्यातून घरी जा.”

“आणि ती?”

“ती उद्या आमच्याबरोबर येईल.”

त्यांना राग आला. तसा त्यांना येतो हे मला माहीत नव्हतं. “तुमचा नियम का पुन्हा? गुरुवारी तुमच्या नियमाने काय झालं बघितलंत ना?”

“बघितलं. तो नियम आंधळेपणाने लावला, चूक माझी. हे नियमाने सांगत नाहीये.” आणि मग खुर्चीचं सांगितलं. ती करकर तिला ऐकू येते हे. ती झोपल्याचं सोंग करते हे. सांगताना मला फार जड गेलं, पण दुसरा मार्ग नव्हता.

“ती झोपलेली असते तेव्हाच मला बरं वाटायचं,” एवढंच ते म्हणाले आणि तिथेच गवतावर बसून रडले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. मोठं माणूस रडायला लागलं की काय करायचं ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

जेवणानंतर गाडीत बसले. मग उतरले, गोळ्यांची डबी नवीन बाईंच्या हातात दिली, वेळ सांगितली. बसले. परत उतरले, जास्तीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा द्यायला काहीच नव्हतं. टाचणी पुढे झाली, त्यांचा सदरा ओढून नीट केला आणि म्हणाली, “बाबा, जा आता.” गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती हात हलवत होती. मग वळून मैत्रिणींकडे इतकी जोरात पळाली की मला ओरडावं लागलं.

आता झोपायची वेळ झाली. पहिली अर्धी रात्र माझी, उरलेली नवीन बाईंची. खुर्ची आणली नाही. तिच्या पलंगाशेजारी खाली गादीच टाकली आहे, गाद्या करकरत नाहीत. खोलीत छोटा दिवा चालू आहे. भीती वाटतेय. इतक्या सहली नेल्या, आतापर्यंत वाटली नव्हती. पण हात थरथरत नाहीये, अक्षर बघा.

रविवार, २३ फेब्रुवारी

रात्र नीट गेली. टाचणी गाढ झोपली होती. तोंड उघडं, एक पाय पलंगाबाहेर, आणि घोरते! एवढ्याशा जिवाचा तो आवाज! माझी पाळी संपली तरी मी उठले नाही, नवीन बाईही जाग्या झाल्या आणि आम्ही दोघी गादीवर बसून ते घोरणं ऐकत होतो. मध्ये एकदा तिने कूस बदलली तेव्हा दोघी ताडकन उठून उभ्या राहिलो. सूर्योदय यंदा कोणीच बघितला नाही. उन्हं खोलीत आली तेव्हा मुली उठल्या. टाचणी म्हणाली, “बाई, तुमचे डोळे किती लाल आहेत, आरशात बघा.”

आवराआवर, हरवलेले मोजे, रडारड, नेहमीचंच. औषधवाल्यांचा फोन पहाटेच येणार म्हणून मी तो हातात धरूनच फिरत होते. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. नाश्ता झाला, फोन नाही. बॅगा बसवर चढल्या, फोन नाही. आता मलाच काळजी वाटायला लागली. बस सुटायच्या बेतात असताना वाजला.

“बाई,” आवाज ओशाळलेला, घोगरा. “मी आत्ता उठलो. ही पण आत्ताच उठली. कोणीतरी दुकानाचं शटर बडवत होतं, त्याने जाग आली. असं कधी होत नाही हो आमचं. गिऱ्हाईक खाली ओरडतंय. मला… जातो मी, दुकान उघडतो.”

“जा, उघडा,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मुलगी कशी आहे हे त्यांनी विचारलंच नव्हतं. आता आठवण होईल आणि परत करतील, म्हणून मी फोन मांडीवर ठेवून बसले. मागच्या सीटवर टाचणी कोणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक माझीच, आणि सगळी बस हसत होती. आम्ही शाळेपाशी पोचलो, तोपर्यंत फोन काही आला नाही.